चालकाच्या आसनावरून समालोचनकक्षात : मार्टिन ब्रंडल यांची कारकीर्द

प्रस्तावना

मोटार शर्यत हा दूरचित्रवाणीवर पाहण्यास सोपा, परंतु समजण्यास अवघड असा खेळ आहे. क्रिकेटमध्ये चेंडू, बॅट आणि खेळाडूचे शरीर हे तिन्ही प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर असतात. फलंदाज कोठे चुकला हे सामान्य रसिकालाही बहुधा दिसते. फॉर्म्युला वन मोटारीत मात्र शिरस्त्राण आणि हातमोजे यांपलीकडे चालकाचे काहीच दिसत नाही. ब्रेकच्या पट्टीवर तो शंभर किलोग्रॅमहून अधिक जोर देत आहे, वेगवान वळणावर त्याच्या मानेवर गुरुत्वाच्या चार-पाच पट बल येत आहे, मागची चाके घसरू लागल्याची जाणीव त्याला डोळ्यांनी नव्हे तर पाठीच्या कण्याने होत आहे, यांपैकी एकही गोष्ट कॅमेरा टिपू शकत नाही. उंचावर बसविलेला कॅमेरा तर वेगही शोषून घेतो. ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार पडद्यावर एखाद्या खेळण्यासारखी सरकताना दिसते.

त्यामुळे या खेळाच्या प्रसारणात ‘तेथे बसून आलेला’ माणूस हवा, हा विचार फार पूर्वीच रुजला. शर्यतीतून निवृत्त झालेले चालक समालोचनकक्षात येऊ लागले. परंतु मोटार वेगाने चालविणे आणि ती वेगाने का चालली हे शब्दांत सांगणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. पहिल्यात निर्विवाद श्रेष्ठ ठरलेले अनेक जण दुसऱ्यात सामान्य ठरले. याउलट फॉर्म्युला वनमध्ये एकही शर्यत न जिंकलेले मार्टिन ब्रंडल हे या क्षेत्रातील सर्वाधिक विश्वासार्ह भाष्यकार मानले जातात. हा केवळ योगायोग नाही. त्यांच्या समालोचनाचे सामर्थ्य त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या चालक-कारकिर्दीतूनच आले आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पूर्वपीठिका : हंट आणि वॉकर

ब्रिटनमध्ये या परंपरेची मुळे मोटारसायकल शर्यतीत सापडतात. आइल ऑफ मॅन बेटावरील टीटी शर्यत १९३१ मध्ये जिंकणारे ग्रॅहम वॉकर पुढे बीबीसीचे समालोचक झाले. त्यांचे पुत्र मरे वॉकर (१९२३-२०२१) यांनी स्वतः काही काळ मोटारसायकल शर्यतींत भाग घेतला, १९४९ मध्ये ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि वडिलांसमवेत समालोचनही केले. म्हणजे फॉर्म्युला वनचा ‘आवाज’ म्हणून जे वॉकर घराघरांत पोचले, ते मुळात एका शर्यतपटूच्या घरातले होते.

बीबीसीने १९७८ पासून ग्रां प्री शर्यतींचे नियमित प्रसारण सुरू केले. १९८० पासून वॉकर यांच्या शेजारी १९७६ चे जगज्जेते जेम्स हंट स्थिरावले. दोघांत एकच ध्वनिक्षेपक असे. उत्साहाने उसळणारे, उभे राहून बोलणारे वॉकर आणि खुर्चीत रेललेले, तिरकस, कोणाचीही भीड न बाळगणारे हंट ही जोडी विजोड होती आणि म्हणूनच जमली. मागील मोटारींना वाट न देणाऱ्या संथ चालकांविषयी हंट यांनी काढलेले उद्गार आजच्या प्रसारणसंस्थांना मानवले नसते. जगज्जेतेपद आणि दहा ग्रां प्री विजय पाठीशी असल्यामुळे त्यांच्या शब्दाला निवाड्याचे वजन येई. परंतु हंट यांचे भाष्य हे प्रामुख्याने निवाड्याचेच होते. ते स्पष्टीकरणात क्वचितच रमले. १३ जून १९९३ रोजी कॅनडाच्या शर्यतीचे समालोचन करून दोन दिवसांनी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या शर्यतीत लिजिए संघाच्या मोटारीत ३४ वर्षांचे मार्टिन ब्रंडल होते.

चालक ब्रंडल : निसटलेल्या यशाची कहाणी

मार्टिन ब्रंडल यांचा जन्म १ जून १९५९ रोजी इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातील किंग्ज लिन येथे झाला. घरी मोटारविक्रीचा व्यवसाय होता. वयाच्या बाराव्या वर्षी ते गवताच्या ट्रॅकवरील शर्यतींत उतरले. ज्या काळात फॉर्म्युला वनकडे जाणारी वाट कार्टिंगमधून जाऊ लागली होती, त्या काळात ते शेतातून आले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९८१ मध्ये सलून मोटारींच्या ब्रिटिश स्पर्धेत ऑडीच्या संघात त्यांचे सहकारी होते स्टर्लिंग मॉस. जगज्जेतेपद न मिळालेल्या सर्वश्रेष्ठ चालकाच्या शेजारी त्यांची सुरुवात व्हावी, हा संकेत पुढील वाटचालीच्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरला.

१९८३ चा ब्रिटिश फॉर्म्युला थ्री हंगाम हा त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा अध्याय होय. एका बाजूस ब्राझीलचे आयर्टन सेन्ना, दुसऱ्या बाजूस एडी जॉर्डन यांच्या संघाकडून ब्रंडल. सेन्ना यांनी पहिल्या सलग नऊ शर्यती जिंकल्या. तेथेच स्पर्धा संपली असती तर ब्रंडल हे नाव कोणाच्या स्मरणात राहिले नसते. परंतु उत्तरार्धात त्यांनी सेन्ना यांना गाठले. आउल्टन पार्क येथे तर दोघांच्या टकरीत सेन्ना यांची मोटार ब्रंडल यांच्या मोटारीवर जाऊन बसली. विजेतेपदाचा निकाल थ्रक्स्टन येथील अखेरच्या शर्यतीपर्यंत लांबला आणि तो सेन्ना यांच्या बाजूने लागला. सेन्ना यांच्यावर दबाव आणला तर ते काय करतात, हे जवळून पाहिलेली माणसे जगात मोजकीच होती. त्यांत ब्रंडल होते.

१९८४ मध्ये दोघांनीही फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केले. ब्रंडल टिरेल संघात दाखल झाले. बहुतेक प्रतिस्पर्ध्यांकडे टर्बो इंजिने असताना टिरेलची मोटार जुन्या कॉसवर्थ इंजिनावर धावत होती. शक्ती कमी, पण मोटार हलकी. त्यामुळे संथ, वळणावळणाच्या शहरी रस्त्यांवर ती भारी पडे. डेट्रॉइट येथे ब्रंडल नेल्सन पिके यांच्यामागे एका सेकंदाहूनही कमी अंतराने दुसरे आले. परंतु ही मोटार इतकी हलकी कशी, याची चौकशी झाली. शर्यतीच्या उत्तरार्धात पाण्याच्या टाकीत पाण्याबरोबर शिशाच्या गोळ्या भरून मोटारीचे वजन किमान मर्यादेपर्यंत आणले जात असल्याचे उघड झाले. संघाला संपूर्ण हंगामातून बाद करण्यात आले आणि डेट्रॉइटचा दुसरा क्रमांक अभिलेखातून पुसला गेला.

तत्पूर्वीच, डॅलस येथील सरावात झालेल्या अपघातात ब्रंडल यांच्या पायांचे घोटे मोडले होते. डाव्या पायाची ती दुखापत पुरती बरी झाली नाही. ही गोष्ट वैद्यकीय तपशील म्हणून सोडून देण्याजोगी नाही. नव्वदच्या दशकात क्लचची पट्टी जाऊन गिअर बदलण्याची सोय सुकाणूच्या चाकावर आली, तेव्हा उजवा पाय प्रवेगकावर आणि डावा पाय ब्रेकवर ठेवून मोटार चालविण्याचे तंत्र प्रचलित झाले. त्यामुळे एका पायावरून दुसरीकडे जाण्यातील क्षणार्धाचा वेळ वाचतो आणि वळणात मोटारीचा तोल पायांनी साधता येतो. शूमाकर यांच्या पिढीचे ते मुख्य शस्त्र होते. ब्रंडल यांना मात्र दुखापतीमुळे डाव्या पायाने ब्रेक लावणे जमले नाही. आपण कोठे आणि का मागे पडतो याचे इतके नेमके, शारीरिक ज्ञान असलेला चालक विरळाच.

टिरेलनंतर झॅकस्पीड, मग जॅग्वारच्या क्रीडा-मोटारी. येथे मात्र यश भरभरून लाभले. १९८८ मध्ये डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ते विजयी संघात होते आणि त्याच वर्षी ते जागतिक क्रीडा-मोटार स्पर्धेचे विजेते झाले. १९९० मध्ये जॉन नील्सन आणि प्राइस कॉब यांच्यासह त्यांनी ल मानची शर्यत जिंकली. विशेष म्हणजे त्यांनी सुरुवात केलेली जॅग्वार बंद पडली आणि संघाने त्यांना दुसऱ्या मोटारीत बसविले, तीच विजयी ठरली. चाळीस-पन्नास लाख प्रेक्षकांच्या खेळात हा पराक्रम शिरोधार्य ठरला असता. फॉर्म्युला वनच्या गणितात त्याला पुरवणीचे स्थान मिळाले.

१९९२ मध्ये बेनेटन संघात त्यांचे सहकारी होते मायकल शूमाकर. सोळाही पात्रता फेऱ्यांत शूमाकर त्यांच्यापुढे राहिले. एका बाजूने पाहता ही आकडेवारी निर्णायक आहे. परंतु शर्यतीचे चित्र वेगळे होते. कॅनडात शूमाकर यांना मागे टाकून आघाडीवरील गेरहार्ट बर्गर यांचा पाठलाग करीत असताना ब्रंडल यांच्या मोटारीची चाकांकडे शक्ती नेणारी यंत्रणा निकामी झाली. विजयाच्या इतक्या जवळ ते पुन्हा क्वचितच आले. त्यानंतरच्या नऊही शर्यतींत त्यांनी गुण मिळविले आणि ३८ गुणांसह हंगामात सहावे आले.

त्याच वर्षीचा बेल्जियममधील प्रसंग तर बोधप्रद आहे. पावसानंतर ट्रॅक वाळत होता. शूमाकर क्षणभर ट्रॅकबाहेर गेले, ब्रंडल पुढे निघाले आणि शूमाकर त्यांच्या मागे आले. समोरच्या ब्रंडल यांच्या मागील टायरांवर फोड येऊ लागल्याचे शूमाकर यांना दिसले. आपले टायरही त्याच अवस्थेत असणार हे ओळखून ते तत्काळ पिटमध्ये गेले आणि कोरड्या ट्रॅकचे टायर घेऊन त्यांनी आपली पहिली ग्रां प्री जिंकली. ब्रंडल चौथे आले. हंगामाअखेर बेनेटनने त्यांना मुक्त केले. शूमाकर यांच्या ९१ विजयांपैकी पहिल्या विजयाची किल्ली ब्रंडल यांच्या टायरांवर होती, याची नोंद गुणतक्त्यात कोठेही सापडणार नाही.

पुढे लिजिए, १९९४ मध्ये मॅक्लारेन, पुन्हा लिजिए आणि अखेरीस १९९६ मध्ये जॉर्डन असा प्रवास झाला. १९९६ च्या हंगामातील पहिल्याच शर्यतीत, मेलबर्न येथे, त्यांची मोटार हवेत उडून दुभंगली. त्यातून ते चालत बाहेर आले, वैद्यकप्रमुख प्राध्यापक सिड वॉटकिन्स यांची परवानगी घेण्यासाठी धावले आणि राखीव मोटारीतून पुन्हा शर्यतीत उतरले. हंगाम संपला तेव्हा १५८ शर्यती, नऊ वेळा पहिल्या तिघांत, ९८ गुण आणि विजय शून्य, असा त्यांचा हिशेब होता. जॉर्डन संघाने १९९७ साठी राल्फ शूमाकर आणि जियानकार्लो फिजिकेला या तरुणांना घेतले.

समालोचनकक्षात प्रवेश

योगायोग असा की, १९९७ मध्येच ब्रिटनमधील प्रसारणाचे हक्क बीबीसीकडून आयटीव्हीकडे गेले. मरे वॉकर यांच्या शेजारची खुर्ची ब्रंडल यांना मिळाली. चालक म्हणून रिकामा झालेला माणूस त्या वर्षी तरी हे काम तात्पुरतेच मानत असावा, असे वाटते. कारण त्यानंतरही ते ल मानला उतरत राहिले आणि १९९९ मध्ये तेथे टोयोटाच्या मोटारीतून त्यांनी पोल पोझिशन मिळविली. २०१२ मध्ये तर पुत्र ॲलेक्स यांच्यासमवेत त्यांनी ती शर्यत पूर्ण केली.

समालोचनात दोन भूमिका असतात. मुख्य समालोचक काय घडत आहे ते सांगतो. तज्ज्ञ समालोचक ते का घडत आहे ते सांगतो. ऐकायला सोपी वाटणारी ही विभागणी प्रत्यक्षात कठीण आहे, कारण तज्ज्ञाला मिळणारा अवकाश दोन वळणांमधील काही सेकंदांचा असतो. त्या अवधीत पारिभाषिक शब्द वापरला तर सामान्य प्रेक्षक दुरावतो आणि न वापरला तर जाणकार कंटाळतो. ब्रंडल यांनी यावर शोधलेला उपाय साधा आहे : ते यंत्राची भाषा टाळून शरीराची भाषा वापरतात. पुढच्या मोटारीमागे हवा विस्कळीत होते आणि त्यामुळे मागच्या मोटारीचा ट्रॅकवरील दाब घटतो, हा वायुगतिकीचा सिद्धांत झाला. ब्रंडल सांगतात ते असे की, चालकाने चाक वळविले आहे पण मोटारीचे नाक वळायला तयार नाही, आणि पुढचे टायर तापत असल्यामुळे दोन-तीन फेऱ्यांत त्याला माघार घ्यावी लागेल. दोन-तीन फेऱ्यांनी तसे घडते, तेव्हा प्रेक्षकाचा विश्वास बसतो. टायरच्या पृष्ठभागाकडे त्यांचे जे सतत लक्ष असते, त्यामागे बेल्जियमची ती शर्यत उभी नसेल असे म्हणणे कठीण आहे.

२६ ऑक्टोबर १९९७ रोजी स्पेनमधील हेरेस येथे त्यांच्या पहिल्याच हंगामाची परीक्षा झाली. जगज्जेतेपदासाठी शूमाकर आणि जाक व्हिलनव यांच्यात केवळ एका गुणाचे अंतर होते. व्हिलनव यांनी आतल्या बाजूने मुसंडी मारली आणि शूमाकर यांची मोटार त्यांच्या मोटारीच्या कुशीवर आदळली. शूमाकर खडीत अडकले, व्हिलनव पुढे जाऊन जगज्जेते झाले. ब्रंडल यांनी तत्क्षणी सांगून टाकले की, हा डाव फसला असून धडक चुकीच्या जागी बसली आहे. म्हणजे ही धडक हेतुपुरस्सर होती हे त्यांनी गृहीतच धरले. शर्यतीच्या पंचांनी त्या दिवशी तिला सामान्य अपघात ठरविले. पुढे नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे फियाने, शूमाकर यांना त्या हंगामाच्या क्रमवारीतून काढून टाकले. महासंघाला जे ठरविण्यास दोन आठवडे लागले, ते ब्रंडल यांनी काही सेकंदांत सांगितले होते. आणि ते एका माजी संघसहकाऱ्याविषयी होते. हंट यांनीही हा निवाडा दिला असता. परंतु चाकाची ती हालचाल बचावाची का नव्हती, हे समजावून सांगण्याची सवय ब्रंडल यांची होती.

वॉकर २००१ मध्ये निवृत्त झाले. जेम्स ॲलन, जोनाथन लेगार्ड, डेव्हिड कूल्टहार्ड आणि २०१२ पासून स्काय वाहिनीवर डेव्हिड क्रॉफ्ट असे सहकारी बदलत गेले. वाहिन्याही तीन झाल्या. या स्थित्यंतरात प्रेक्षकही बदलला. विनामूल्य वाहिनीवर रविवारी दुपारी जेवता जेवता शर्यत पाहणाऱ्या कुटुंबाची जागा वर्गणी भरून पाहणाऱ्या जाणकाराने घेतली. २०१८ ते २०२५ या काळात अमेरिकेत ईएसपीएननेही स्कायचेच समालोचन प्रक्षेपित केल्यामुळे त्यात या खेळाशी नुकतीच ओळख झालेल्या मोठ्या वर्गाची भर पडली.

ग्रिडवरील फेरफटका

शर्यतीपूर्वी मोटारी आरंभरेषेमागे रांगेत उभ्या असतात, त्या वेळी कॅमेऱ्यासह त्यांच्यामधून चालत जायचे आणि जो भेटेल त्याला प्रश्न विचारायचा, हा प्रकार ब्रंडल यांनी १९९७ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे प्रथम केला. पूर्वनियोजित मुलाखती नाहीत, संहिता नाही. तो आता इतका रूढ झाला आहे की, त्यातील धाडस लक्षात येत नाही. सुरुवातीस काही मिनिटे उरलेली असताना चालकाशी बोलावे की नाही, हे केवळ माजी चालकालाच ओळखता येते. कोणाची नजर आत वळली आहे आणि कोणाला दोन शब्द बोललेले हवे आहेत, हे त्यांना दुरूनच समजते.

या फेरफटक्याची पत्रकारितेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वेळ २००५ मध्ये इंडियानापोलिस येथे आली. मिशेलिनचे टायर त्या ट्रॅकच्या उताराच्या वळणावर टिकणार नाहीत असे निष्पन्न झाले होते. १४ मोटारी पाहणी फेरीनंतर पिटमध्ये परतल्या आणि केवळ सहा मोटारींनी शर्यत केली. त्यापूर्वी ग्रिडवर ब्रंडल यांनी या खेळाचे सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टन यांना गाठून, प्रेक्षकांना उत्तर कोण देणार, या आशयाचे प्रश्न आडपडदा न ठेवता विचारले. ज्या व्यवस्थेवर आपले प्रक्षेपण अवलंबून आहे तिच्या प्रमुखाला हजारो लोकांसमोर असे विचारणे सोपे नसते.

अलीकडे ग्रिडवर अभियंत्यांपेक्षा प्रसिद्ध पाहुणेच अधिक दिसतात. २०२१ मध्ये ऑस्टिन येथे गायिका मेगन दी स्टॅलियन यांच्या अंगरक्षकांनी ब्रंडल यांना अडविले. त्यानंतर अंगरक्षकांना ग्रिडवर मज्जाव करण्यात आल्याचे ब्रंडल यांनीच सांगितले. २०२२ मध्ये मायामी येथे त्यांनी बास्केटबॉलपटू पाओलो बँकेरो यांना फुटबॉलपटू पॅट्रिक महोम्स समजून मुलाखत घेतली. या गमती लोकप्रिय झाल्या खऱ्या. पण वायरलेसपेक्षा वेगाने फिरणाऱ्या त्या चित्रफितींमुळे फेरफटक्याचे मूळ प्रयोजन, म्हणजे चालकाची शेवटच्या क्षणाची मनःस्थिती टिपणे, झाकोळले गेले आहे.

जवळीक आणि तटस्थता

माजी चालकाच्या समालोचनावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : तो त्याच बिरादरीतला असल्यामुळे निष्पक्ष कसा राहणार? ब्रंडल यांच्या बाबतीत हा आक्षेप पोकळ नाही. समालोचक असतानाच ते काही वर्षे डेव्हिड कूल्टहार्ड यांचे व्यवस्थापक होते. ज्या चालकाच्या करारात आपला हितसंबंध आहे, त्याच्या चुकांवर जाहीर भाष्य करणे ही अवघड जागा आहे. आजच्या निकषांवर ती मान्य झाली नसती आणि ते योग्यच आहे. सिल्व्हरस्टोनची मालकी असलेल्या ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लबचे अध्यक्षपदही त्यांनी काही काळ भूषविले.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २००७ मध्ये फेरारीच्या तांत्रिक कागदपत्रांच्या प्रकरणी मॅक्लारेन संघाला १० कोटी डॉलर दंड झाला. त्या कारवाईच्या निष्पक्षपणाविषयी ब्रंडल यांनी संडे टाइम्समधील स्तंभात शंका उपस्थित केली, तेव्हा फियाने न्यायालयात धाव घेतली. आतल्या गोटातील माणूस आतल्या गोटावर टीका करतो, तेव्हा तिची किंमत त्याला मोजावी लागते. जवळीक ही ज्ञानाचा स्रोत आहे आणि मिंधेपणाचाही. ब्रंडल यांच्या कारकिर्दीत या दोहोंची सीमारेषा नेहमीच स्वच्छ राहिली असे म्हणता येणार नाही, परंतु ती ओलांडल्याचा आरोप सिद्ध करील असा प्रसंगही सहज दाखविता येत नाही.

भारतीय दुवा : करुण चांढोक

अल्प यशातून समालोचनाकडे जाण्याच्या या वाटेवर एक भारतीय नावही आहे. चेन्नईत १९८४ मध्ये जन्मलेले करुण चांढोक यांनी २०१० मध्ये एचआरटी संघाकडून आणि २०११ मध्ये लोटस संघाकडून मिळून अवघ्या ११ ग्रां प्री शर्यतींत भाग घेतला. एचआरटीची मोटार त्या हंगामातील सर्वांत संथ मोटारींपैकी एक होती. गुण मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर बीबीसी रेडिओ, चॅनल फोर आणि २०१९ पासून स्काय वाहिनीवर त्यांनी विश्लेषक म्हणून स्थान मिळविले. मोठ्या पडद्यासमोर उभे राहून दोन चालकांच्या एकाच वळणातील रेषा शेजारी शेजारी ठेवून दाखविणे ही त्यांची हातोटी. बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवरील भारतीय ग्रां प्री २०११ ते २०१३ या तीनच वर्षांत आटोपली. पण भारतातून या खेळाला मिळालेला एक आवाज मात्र टिकला. संथ मोटारीतील चालकाला इतरांच्या मोटारी मागून, पुढून, शेजारून, अगदी एका फेरीने पुढे जाताना, पाहायला मिळतात. विजेत्याला बहुधा मोकळा ट्रॅकच दिसतो.

सुझुका : १९९४, २०१४, २०२२

तज्ज्ञ समालोचकाचे ज्ञान केवळ रंजनासाठी नसते, हे जपानमधील सुझुका सर्किटच्या संदर्भात सर्वाधिक तीव्रतेने जाणवते. ६ नोव्हेंबर १९९४ रोजी येथे मुसळधार पावसात शर्यत सुरू होती. डनलॉप वळणावर जियानी मॉर्बिडेली यांची मोटार ट्रॅकबाहेर गेली होती आणि कर्मचारी ती हलवीत होते. त्याच ठिकाणी ब्रंडल यांच्या मॅक्लारेनची चाके साचलेल्या पाण्यावर तरंगली. अशा वेळी टायर आणि डांबर यांत पाण्याचा थर येतो. ब्रेक आणि सुकाणू दोन्ही निरर्थक होतात आणि मोटार ज्या दिशेने निघाली असेल त्याच दिशेने जाते. मदतीचे वाहन थोडक्यात चुकले, परंतु एका कर्मचाऱ्याला मोटारीची धडक बसून त्याचा पाय मोडला. शर्यत थांबविण्यात आली. सेन्ना यांचा मृत्यू होऊन सहा महिनेच झाले होते.

त्यानंतर वीस वर्षे ब्रंडल समालोचक म्हणून एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत राहिले : शर्यत चालू असताना अवजड मदत-वाहने ट्रॅकच्या बाजूला आणू नयेत. टायरांच्या भिंतीवर आदळणारी मोटार धक्का शोषून घेते. उंच वाहनाखाली शिरणारी मोटार तसे करू शकत नाही, कारण तेथे पहिला स्पर्श शिरस्त्राणाचा होतो.

५ ऑक्टोबर २०१४ रोजी त्याच डनलॉप वळणावर, पावसातच, एड्रियन सुटिल यांची मोटार बाहेर गेली. ती उचलण्यासाठी क्रेनसदृश वाहन आले. पिवळी निशाणे फडकत होती. पुढच्याच फेरीत ज्यूल्स बियांकी यांची मोटार घसरून त्या वाहनाखाली गेली. समालोचनकक्षात ब्रंडल बसलेले होते. १७ जुलै २०१५ रोजी बियांकी यांचे निधन झाले. सेन्ना यांच्यानंतर ग्रां प्रीमधील दुखापतीने मृत्यू पावलेले ते पहिले चालक होत. चौकशी समितीने बियांकी यांनी वेग पुरेसा कमी केला नव्हता याकडे लक्ष वेधले. २०१५ पासून आभासी सुरक्षा-मोटारीचा नियम आला. त्यानुसार धोका उद्भवताच सर्व चालकांना ठरावीक मर्यादेत वेग आणावा लागतो. किती सावकाश जायचे हे चालकाच्या मर्जीवर राहत नाही. २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती संरक्षक कडेही अनिवार्य झाले.

तरीही ९ ऑक्टोबर २०२२ रोजी सुझुका येथेच, पावसातच, पहिल्या फेरीत कार्लोस साइन्झ यांची मोटार आदळल्यानंतर शर्यत पूर्णपणे थांबण्यापूर्वी मदतीचे वाहन ट्रॅकवर आले. उडणाऱ्या पाण्याच्या पडद्यातून पिएर गॅसली त्याच्या अगदी जवळून गेले. त्यांनी रेडिओवरून आणि नंतर उघडपणे संताप व्यक्त केला. बियांकी हे त्यांच्याच देशाचे होते. फियाने चौकशी केली. हवामान पाहता वाहन ट्रॅकवर आणण्यास विलंब करणे शहाणपणाचे ठरले असते, असे त्या अहवालात नमूद आहे. लाल निशाण असताना वेग जास्त ठेवल्याबद्दल गॅसली यांच्या वेळेत २० सेकंद वाढविण्याची शिक्षा मात्र कायम राहिली.